उलार टांगा

"अहो, उतरू नका! उतरू नका म्हणतेय ना—"

शरयूचं वाक्य पुरं होण्याआधीच तो उतरला, आणि टांगा उलार झाला.

टांग्यात कधी न बसलेल्यांना हे सांगायला हवं. टांगा म्हणजे दोन चाकांवरचा तराजू. पुढं टांगेवाला आणि पुरुष सवारी, मागं त्यांच्याकडे पाठ करून बायका. पुढचं वजन गेलं, की मागचं पारडं खाली बसतं, दांड्या वर उठतात आणि घोडीचे पुढचे पाय जमीन सोडू बघतात. यालाच टांगा उलार होणं म्हणतात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून मुरार भागात जाताना रेल्वेच्या पुलाची चढण लागली, की दौलतसिंह टांगेवाला खाली उतरून घोडीचा लगाम धरून चालायचा. पुढची सवारी मात्र वजन म्हणून जागेवरच बसून राहायची. ग्वाल्हेरात हे लहान मुलालाही ठाऊक होतं.

फक्त या एका तरुणाला ठाऊक नव्हतं. दौलतसिंह उतरला, तसा हाही उडी मारून उतरला.

"अगं आई गं!" मंदाताईंनी एका हातानं छताचा गज आणि दुसऱ्या हातानं शरयूचा दंड पकडला. मंदाताई शरयूच्या शाळेतल्या थोरल्या बाई, आणि दौलतगंजातल्या तिच्या शेजारीणही. तो तरुण धावत मागं आला आणि दोन्ही हातांनी मागची फळी वर उचलून धरली.

"पकड़े रहो बाबूजी! अब छोड़ना मत!" पुढून दौलतसिंह ओरडला.

झालं! सबंध चढण तो फळी धरून चालत राहिला. बायका मागं तोंड करून बसलेल्या, त्यामुळे त्याचा चेहरा थेट शरयूच्या समोर. श्रावणातली भुरभुर त्याच्या भुवयांवर साचली होती, आणि ती पुसायला त्याच्यापाशी हात मोकळा नव्हता.

"माफ करा... घोडीला ओझं नको म्हणून उतरलो."

"वा! म्हणून तिला हवेत टांगलंत?" शरयू म्हणाली.

"टांग्याची सवय नाही हो. सायकल चोरीला गेली कालच."

"नाव काय तुमचं?" मंदाताईंनी वर्गातल्या आवाजात विचारलं.

"जयसिंह. टोपी बाजारात राहतो. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत नकाशे काढतो."

"आजोबा घोडदळात असतील," शरयू म्हणाली.

"होते! तुम्हाला कसं कळलं?"

"नावावरून. पण आजचा पराक्रम घरी सांगू नका."

तो खळखळून हसला, तशी फळी वीतभर खाली गेली. "हसू नका हो!" दोघी एकदमच ओरडल्या.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उतरला. आता मात्र दौलतसिंहाला आधी सांगून, फळी आधी धरून.

"साहब, आप बैठे रहो न. बैठने से ही घोड़ी को आराम है," दौलतसिंह म्हणाला.

"नहीं नहीं, थोड़ा चलना भी चाहिए," जयसिंह म्हणाला.

त्याला रोज चालावंसं वाटू लागलं. मंदाताईंच्या काय ते लक्षात आलं नसेल? "घोडीची एवढी कळकळ आहे, तर संध्याकाळी येऊन खरारा पण करा तिला," असं त्या म्हणायच्या, आणि मग पुलाखालच्या रुळांकडे बघत बसायच्या. गाडी नसली, तरी.

चढण ती केवढी! पण तेवढ्यात पुष्कळ बोलणं व्हायचं. शरयू तिसरीच्या मुलींना भूगोल शिकवायची. त्या वर्षी राज्याराज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या जात होत्या. मध्यभारत मोडून मध्यप्रदेशात जाणार, राजधानी भोपाळ होणार, असं जो तो बोलत होता.

"परीक्षेत राजधानी काय लिहायला सांगू मुलींना?" शरयूनं एकदा विचारलं.

"पेन्सिलीनं लिहायला सांगा," जयसिंह म्हणाला. "मी पण नकाशे हल्ली पेन्सिलीनंच काढतो."

एका रविवारी आईबरोबर टोपी बाजारात गेलेल्या शरयूला जयसिंहच्या दाराशी एक कोरी सायकल दिसली. सीटवर धूळ बसली होती. सायकल घेऊनही तो टांग्यानंच येतो... हे कळल्यावर आईनं भाव विचारायला सांगितलेली हळद तिच्या लक्षातच राहिली नाही.

पण बोलला मात्र तो काहीच नाही. श्रावण गेला, दसरा गेला. पुलावरून नवी बस भोंगा वाजवत जायची, आणि टांग्यातल्या सवाऱ्या कमी व्हायच्या. मग दिवाळीच्या तोंडावर, एका सकाळी, फळी धरून तो म्हणाला, "कचेरी भोपाळला चाललीय. दफ्तरं पोत्यात बांधून झाली. सोमवारी मी पण..."

"आणि परत?"

"परत कसला! राजधानीच तिकडे."

पुलाचा माथा आला. तो पुढं जाऊन बसला. पाठीला पाठ लावून दोघं मुरारपर्यंत गेली. शरयूला वाटलं, हा मनुष्य फळी धरायला जेवढा धीट, तेवढाच तोंड उघडायला भित्रा. बरं तर! मग आपणच उघडू.

शनिवार आला. जयसिंहचा टांग्यानं जायचा शेवटचा दिवस. चढण लागली. दौलतसिंह उतरला, जयसिंह उतरून मागं आला, त्यानं फळी धरली. शरयूनं पदर खोचला आणि टांगा चालता असतानाच खाली उडी घेतली.

"हे काय? बायका उतरत नाहीत चढणीवर!" जयसिंह गडबडला.

"आज उतरल्या."

"अरे बहनजी! गिर जातीं तो!" दौलतसिंह म्हणाला.

शरयू जयसिंहच्या शेजारून चालू लागली. "काल मी बाबांना सांगितलं."

"काय सांगितलं?"

"की टोपी बाजारातल्या एका माणसाशी मला लग्न करायचंय."

फळी त्याच्या हातून सुटता सुटता राहिली. "मी... मी तर अजून विचारलंही नाही!"

"वाट पाहत होते. पण पूल संपत आला."

"शरयूबाई, तुमच्याकडे पिढ्यानपिढ्या पूजाअर्चा, दरबारची दफ्तरं. आमच्याकडे तलवारी आणि मटण. तुमचे बाबा, माधवराव, काय म्हणतील, या धास्तीनंच तर—"

"एवढी मोठी राज्यं एक झाली. संस्थानं गेली, मध्यभारत पण चाललं. मग दौलतगंज आणि टोपी बाजार एक व्हायला काय जड आहे? आई रडतेय, ते खरं. सकाळी चहा पण दिला नाही तिनं मला."

"आणि बाबा?"

"बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग विचारलं, 'मुलगा नकाशा सरळ काढतो का?' उद्या सकाळी तुम्हाला बोलावलंय. याल?"

जयसिंह तिच्याकडे बघतच राहिला. फळी पुन्हा वीतभर खाली गेली.

"अहो, मी आहे अजून मागं!" मंदाताई किंचाळल्या. मग त्यांनी दोघांकडे नीट पाहिलं. चष्मा वर सरकवला. "दौलतसिंह, ज़रा रोको." त्या खाली उतरल्या, वळसा घालून पुढं गेल्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच टांग्याच्या पुढच्या जागेवर, ऐटीत, जाऊन बसल्या. "हं, आता हाक. जयसिंहराव, सोडा ती फळी. काही होत नाही."

त्यानं घाबरत घाबरत एक हात काढला. मग दुसरा. टांगा सरळच चालला होता. त्याच्या तळहातांवर फळीचे वळ उठले होते, आणि त्या मोकळ्या हातांचं काय करावं, हे त्याला कळेना. शरयूनं त्यातला एक आपल्या हातात घेतला.

"येतो उद्या," तो म्हणाला. मग थोडं चालून हळूच, "भोपाळ म्हणजे नुसत्या टेकड्या आहेत म्हणे. जावं तिथं चढण."

"असू दे. तिथंही शाळा असतीलच. आणि चढण आली, की दोघं उतरू."

पुलाचा माथा आला. पलीकडे मुरारचा रस्ता कोवळ्या उन्हात सरळ पसरला होता. दौलतसिंह घोडी थांबवून मागं वळला.

"आ जाओ, बैठ जाओ. अब तो उतार है."

"तुम चलो भैया," शरयू म्हणाली. "मंदाताईंना शाळेत सोडा. आम्ही येतो चालत."