पाळण्याच्या खोलीचे दोन कप्पे

बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर रुजू झाली, तेव्हा तिला मुद्दामच घरून करता येईल असं सोपं काम दिलं होतं. कंपनीची एक जुनी लायब्ररी होती, म्हणजे बाकीचे प्रोग्रॅम ज्याच्या जिवावर चालतात तो मूळचा कोड. त्यात एकच सामाईक कॅश, म्हणजे तात्पुरती साठवण होती. गिऱ्हाइकाच्या घरातल्या सगळ्या माइकांचा ताजा आवाज तिच्यात साठायचा आणि लाइन अडखळली की मागचाच तुकडा पुन्हा वाजायचा, ऐकणाऱ्याला पत्ताही लागू नये म्हणून. पण सगळ्यांची साठवण एकाच जागी, त्यामुळे या खोलीतला आवाज कधी त्या खोलीच्या नावावर वाजे. तिने आता प्रत्येक माइकला वेगळा कप्पा करून द्यायचा होता.

चाचणीला घरचेच दोन माइक होते. एक स्वयंपाकघरात, दुसरा चिमीच्या पाळण्यावर. हेडफोनमध्ये लेकीचा श्वास ऐकू आला की तिला काम सुचे. नाहीतर घडीघडी उठून ती पोरीच्या नाकाखाली बोट धरायला जायची. आपलं जरा अतीच होतंय हे तिला कळत होतं, पण कळून वळतंय कुठे!

भर दुपारी तिने बदललेला कोड चालू केला. स्क्रीनवर तीन कप्पे उघडले.

"तीन?"

एक स्वयंपाकघराचा. त्यात नळ ठिबकत होता. उरलेल्या दोन्हींवर पाळण्याच्या खोलीचंच नाव. तिने त्यातला पहिला ऐकला. पंख्याची घरघर. बाकी काही नाही. श्वास नाही.

खुर्ची उलथवून ती धावली. पाळणा रिकामा!

"अगं, हळू!" गॅलरीतून सासूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. चिमी त्यांच्या खांद्यावर होती. "आत्ता कुठे डोळा लागलाय. तू जेवून कामाला बसलीस तेव्हापासून माझ्याकडेच आहे ती. एवढी धडपडतेस कशाला?"

तिने चिमीच्या नाकाखाली बोट धरून पाहिलं, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं. जेवल्यापासून नवा कोड चालू करेपर्यंत तिच्या कानात श्वास चालूच होता.

टीममधल्या सगळ्यांत जुन्या माणसाला तिने फोन लावून सगळं सांगितलं. साध्या प्रश्नावरही तास घेतात म्हणून सगळे त्यांना गुरुजी म्हणत.

"शिळं वाजत होतं, बाई," गुरुजी हसले. "कॅशची जातच तशी. सगळं रिकामं कर आणि पुन्हा चालू कर."

तिने केलं. पुन्हा तीन कप्पे. तिने तिसरा उघडला.

"गुरुजी... श्वास अजून आहे."

"मग पोरगी झोपली असेल आत."

"ती गॅलरीत आहे."

"तुझाच काहीतरी गोंधळ झाला असेल. उद्या बघू."

तिला ते पटलंही. गोंधळ बहुतेक वेळा तिचाच असे.

सासूबाईंनी चिमीला आणून पाळण्यात निजवलं. पहिल्या कप्प्यात लगेच श्वास आला: लहान, भरभर, चोंदलेल्या नाकाची बारीक शिट्टी असलेला. ही चिमी. तिसऱ्यातला संथ होता. खोल. मोठ्या माणसाचा असावा तसा.

मग इतके दिवस आपण ऐकला तो कुणाचा? कुणाच्या भरवशावर लेकराला आत एकटं ठेवून आपण इथे बसलो? ती आठवून आठवून थकली. एकाच कॅशमध्ये मिसळलेले असताना दोन्ही श्वास एकच वाटायचे...

हेडफोन न काढताच ती खोलीत गेली. चिमीला उचलून घट्ट छातीशी धरलं आणि माइकजवळ वाकली.

"कोण... आहे?"

तिसऱ्या कप्प्यातला श्वास तिथल्या तिथे थांबला. लपलेलं माणूस पावलं ऐकली की श्वास रोखून धरतं तसा.

ती पाठमोरी न होता, भिंतीला धरून बाहेर आली. दार ओढून घेतलं. तेव्हा कुठे तो धरलेला श्वास तिच्या कानात हळूच सुटला, आणि पाठोपाठ पाळणा करकरू लागला.