खोललेली खुर्ची

तो दाराची कडी बसवायला आला, अन् वर्गातून खुर्ची उडत आली ती थेट त्याच्या पायाशी.

"लागलं का हो?" बाई धावत बाहेर.

"मला नाही. पाय हिचा मोडलाय, बिचारीचा," सुतार म्हणाला.

बाई हसल्या. किती दिवसांनी, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

वर्गच तसला. घटकेत पेटणारी, घटकेत कोपऱ्यात तोंड लपवणारी पोरं. बाकीच्या शाळांनी हात टेकलेले. बाई त्यांना गोष्ट वाचायला शिकवायच्या. चार ओळी वाचायच्या, थांबायचं. गोष्टीतल्या मुलीला काय वाटलं असेल? उत्तर आलं की बाई विचारणार, "कशावरून?" मग ओळीवर बोट ठेवून दाखवायचं. हवेतल्या गप्पा चालायच्या नाहीत.

सुतार बाहेर बसून खुर्च्या जोडी. हात कामात, कान आत.

"बाई, गोष्टीतल्या त्या मुलीची आई आली का हो परत?" निघताना तो विचारी.

"आम्हीही तिथंच थांबलोय. उद्या या."

"उद्या मोडेल खुर्ची?"

"आमची तोफ आहे तोवर काळजी नको!" तोफ म्हणजे खुर्च्या फेकणारी, नेम न चुकणारी पोरगी.

घरी बाईंना बोलायला चार भिंती. फोन यायचा तो आत्याचा, तोही टोचायला. "जगाच्या पोरांना मन वाचायला शिकवतेस... तुझं कोण वाचणार गं?"

शिकवणं फळाला आलं, अन् तिथंच घात झाला. एक दिवस तोफेनं खुर्ची उचलली... थांबली... खाली ठेवली. "मला राग आलाय. कशावरून? हात बघा ना, थरथरतायत." बाईंचे डोळे भरून आले. पण खुर्च्या मोडायच्या थांबल्या, तसा सुतारही यायचा थांबला. पोरं गेल्यावर बाई रिकाम्या वर्गात बसून राहत. जिन्यात पाऊल वाजलं की मान वर. दर वेळी शिपाईच.

शेवटी सुताराला निरोप गेला. एक खुर्ची मोडलीय.

त्यानं येऊन ती उलटी केली. सांध्यांवरून बोट फिरवलं.

"ही आपटलेली नाही. खोललेली आहे."

"कश... कशावरून?"

"कुठं खरचटलेली नाही. स्क्रू खिडकीत ओळीनं ठेवलेत. रागावलेला माणूस इतका नीटनेटका नसतो." त्यानं वर पाहिलं. "अन् खोलणारीच्या बोटाला चिकटपट्टी आहे."

बाईंनी हात मागे नेला. चोरी पकडली गेली ती गेलीच. आता लाजून काय उपयोग? "मग... तिला काय वाटलं असेल?"

"एकटं."

"कशावरून?"

तो हातोडीशी चाळा करत राहिला. "ते इथं नाही दाखवता येणार. माझ्या घरी चार खुर्च्या आहेत, मीच केलेल्या. त्यांतली एकच झिजलीय."

बाईंनी खिडकीतले स्क्रू उचलून मुठीत घेतले.

"चला, दाखवा," त्या म्हणाल्या. "बघितल्याशिवाय मी उत्तर बरोबर धरत नाही."