खालच्या घराचं छत

"मावशी, लगेच ये! शुक्रवारपर्यंत घर खाली करा म्हणालेत!"

फोन ठेवला तेव्हा वजीहाचं डोकं सणकलं होतं. उभी हयात तिनं अकबा बंदरात, कस्टमच्या नोकरीत, लोकांच्या थापा ऐकत काढलेली. पण ही थाप भाचीच्या मुळावर आली होती. नवरा गेल्यापासून रिहाब दोन मुलींना घेऊन अम्मानच्या त्या फ्लॅटात राहत होती. तेवढ्या भाड्यात तिला दुसरं घर कोण देणार होतं?

आरोप खालच्या अबू मुहन्नदचा. रिहाब फरशी धुताना पाणी ओतते, म्हणून त्याच्या घरातल्या बोळाचं छत गळतंय. भर जिन्यात तो तिला खोटारडी म्हणाला. अहो, अम्मानमध्ये पाणी ओतून फरशी कोण धूत नाही? त्याची बायको काय फुंकर मारून धुते?

"त्या बोळावर तुझं काय येतं?" अम्मानला पोचताच वजीहानं विचारलं.

"मुलींची खोली. गालिचा आहे तिथं. मी थेंबभर पाणी टाकत नाही."

"घरमालकाला सांगितलंस?"

"घसा फोडून सांगितलं! हाजी सुब्ही म्हणतात, पाणी वरूनच खाली येतं, बाई."

"चल. बोलाव त्या हाजीला."

तिघंही खाली गेली. अबू मुहन्नदच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. प्लॅस्टिकात गुंडाळलेला पलंग, कपाट, आरसा, सगळं भिंतीला टेकवलेलं.

"मुलाचं लग्न वाटतं?" वजीहानं विचारलं.

"हो, घर मिळालं की लगेच," त्याची बायको उम्म मुहन्नद म्हणाली. नवऱ्यानं डोळे वटारले तशी ती कॉफी करायला आत पळाली.

वजीहा बोळात गेली. बाई बुटकी, पण स्टुलावर चढताच तिचा सबंध तळवा छताला टेकला. तपकिरी डाग, कडेला पांढरी कणी. तिनं कणी बोटावर घेतली आणि सरळ जिभेला लावली.

"शी! काय करताय?" हाजी सुब्ही ओरडले.

"बंदरात असंच करायचो आम्ही," म्हणत ती उतरली आणि बैठकीत येऊन बसली.

उम्म मुहन्नदनं कॉफी पुढे केली. तिच्या बोटांची टोकं काळी पडलेली.

"गावी, अजलूनला, तुमची ऑलिव्हची झाडं आहेत ना?" वजीहानं विचारलं. "यंदा मुरवले की नाही?"

"नाही! यंदा घातलेच नाहीत," बायको तोंड उघडायच्या आत अबू मुहन्नद म्हणाला.

वजीहानं भरलेला पेला तसाच खाली ठेवला.

तिकडची रीतच तशी. पाहुण्यानं कॉफी खाली ठेवली म्हणजे त्याचं काही मागणं आहे, आणि ते पुरवल्याशिवाय तो पिणार नाही. न पिता पाहुणा उठला तर यजमानाची अब्रू गेली.

"घ्या ना," अबू मुहन्नद कसंनुसं हसला. "तुमचं मागणं पुरं झालं समजा."

"मग पोटमाळा उघडा."

त्याचा चेहरा पडला. "पोटमाळा? आमच्याकडे कुठला?"

"बरं. मी उठते. कॉफी राहू दे तशीच. खाली दुकानातला वाणी विचारेलच, त्याला सांगते का टाकली ते."

"उघड रे!" हाजी कडाडले.

न्हाणीघरात, दाराच्या वर, रंग फासलेली फळी निघाली. आत, थेट बोळाच्या माथ्यावर, भलंमोठं प्लॅस्टिकचं पिंप, तडकलेलं, फडकी गुंडाळून परातीत ठेवलेलं. पिंपात हिरवे ऑलिव्ह.

"हा माळा कधी ठोकलास तू?" हाजी त्याच्यावर धावले. "मला न विचारता?"

"ऐका हाजी," वजीहा म्हणाली. "माझ्यासारखीचा हात इमारतीच्या छताला पोचेल? ते छत नव्हेच, ते या माळ्याचं बूड. वरनं फरशीचं पाणी गळलं असतं तर डाग खारट का लागला? हे मुरवणाचं मिठाचं पाणी आहे. आणि ऑलिव्ह ठेचल्याशिवाय बाईची बोटं अशी काळी होत नाहीत. तरी हा म्हणतो घातलेच नाहीत! पिंप तडकलं. यानं ते फडक्यानं बांधलं आणि आळ वर ढकलला. का? तर सुनेला वरचं घर हवं!"

"मुलाचं लग्न अडलं होतं हो," अबू मुहन्नद पुटपुटला. "ही बाई काय, राहिली असती कुठंही."

"कुठंही?" रिहाब किंचाळली. "माझ्या पोरींना घेऊन कुठंही? लाज वाटत नाही तुला, दाढीवाल्या?"

"चुकलंच माझं, पोरी," हाजी खाली मान घालून म्हणाले. "घर तुझंच. शुक्रवारी घर खाली करेल तो हा."

रिहाबला ते ऐकूच आलं नाही. ती उम्म मुहन्नदकडे बघत होती.

"आणि तू गं? काल दिवसभर माझ्याकडे होतीस. माझी भांडीकुंडी कागदात गुंडाळून खोक्यांत भरत होतीस, माझ्या गळ्यात पडून रडलीस, म्हणालीस, बहिणी, तुझ्यासारखी शेजारीण मिळायची नाही. तेव्हा तुला ठाऊक होतं?"

उम्म मुहन्नदनं काळी बोटं ओढणीखाली लपवली.

"रडू नकोस. काल रडून झालंय तुझं," रिहाबनं तिचं मनगट पकडलं. "चल वर. एकेक खोका तूच सोडायचा. एकटीनं. माझ्या पोरींच्या समोर."