सहा आकडे सांगणारी म्हातारी

यात एक शब्दही पदरचा नाही. गेल्या मे महिन्यातला रविवार, गाव बेंबळी, वेळ भर दुपारची.

माझी मावसबहीण श्रावस्ती तेरहून स्कूटीवर घरी आली. पर्स उघडली...

फोन नव्हता.

डिकी पाहिली. पर्स पालथी केली. नाहीच.

फोन तसा जुना. पण त्यात तिच्या बाबांच्या आवाजातली बुद्धवंदना होती. बाबांना जाऊन सहा महिने झालेले. तो आवाज दुसरीकडं कुठंच नव्हता.

"कॉपी काढून ठेव म्हणून किती वेळा सांगितलं होतं, ताई," धाकटा भाऊ प्रसेनजित म्हणाला.

"आता अक्कल शिकवू नको. फोन शोध!"

त्यानं आपल्या मोबाईलवर तिचं खातं उघडायला घेतलं. पासवर्ड तिला आठवेना. तीनदा चुकला. मग स्क्रीनवर आलं... 'तुमच्या मोबाईलवर सहा आकडी कोड पाठवला आहे.'

"अरे, तोच तर हरवलाय!" श्रावस्ती रडकुंडीला आली.

शेवटी प्रसेनजितनं तिच्या नंबरवर फोन लावून तिच्या हातात दिला.

रिंग गेली. एक. दोन...

कुणीतरी उचलला.

पलीकडं नुसता वारा. मग एका म्हातारीचा आवाज.

"कोन हाय?"

"आजी, तो माझा फोन आहे! तुम्ही कुठं आहात?"

"हितंच की... सावलीला."

"कुठली सावली? गाव कुठलं?"

श्रावस्तीचा जीव मेटाकुटीला आला.

"बरं, त्यावर आकडे आलेत का बघा. कुणाकडून तरी वाचून घ्या."

परत वारा...

मग आकडे आले. एकेक. सावकाश.

"चार... शून्य... नऊ... नऊ... दोन... सात."

कोड बरोबर निघाला. नकाशावर ठिपका दिसला. तेरच्या अलीकडं, रस्त्याकडेचा कडुलिंब. सकाळी जाताना ती तिथंच पाणी प्यायला थांबली होती.

दोघं तासाभरात पोचले. फोन लिंबाच्या बुडाशी पडलेला. कव्हरवर धूळ. भोवती नांगरलेलं रान.

शेजारी शिवशरण नावाचे शेतकरी ठिबकचे पाइप गुंडाळत होते.

"काका, इथली म्हातारी कुठं गेली?"

"म्हातारी? म्या सकाळधरनं हितंच हाय. सकाळी ह्या ताई थांबल्या त्येवढंच, दुसरं कुनी फिरकलं न्हाय."

श्रावस्तीनं बटण दाबलं. फोन बंद. बॅटरी संपलेली.

"मग बोललं कोण?" ती वैतागली. "प्रसेन, लाव परत."

"ताई, फोन तुझ्या हातात आहे. बंद आहे."

"लाव म्हणते ना!"

त्यानं लावला. स्पीकर सुरू केला.

तिच्या हातातला फोन काळा. गप्प.

रिंग मात्र जात होती. एक. दोन...

उचलला.

"घावला न्हवं?"

प्रसेनजितनं कॉल कापला. शिवशरणकाका पाइप तिथंच टाकून दोन पावलं मागं सरले.

घरी चार्जिंगला लावल्यावर फोन सुरू झाला. बाबांचा आवाज शाबूत होता. तेवढ्यात टिंग झालं...

कोडचा मेसेज आत्ता कुठं येऊन पडला होता. ४०९९२७.

त्याच संध्याकाळी श्रावस्तीनं सगळा बंदोबस्त केला. रेकॉर्डिंगच्या कॉप्या दोन ठिकाणी. पासवर्ड वहीत. कोडसाठी प्रसेनजितचा नंबर. कव्हरच्या आत घरच्या पत्त्याची चिठ्ठी.

नंबर मात्र तिनं बदलला नाही.

परवा दुपारी मी तिला फोन केला. उचलला गेला. पलीकडं नुसता वारा...

मी फोन ठेवून दिला.

संध्याकाळी तिचाच फोन आला. मी विचारलं, दुपारी बोलली का नाहीस?

"दुपारी?" ती म्हणाली. "तुझा तर एकही कॉल दिसत नाही इथं."