माळावरची मोकळी जागा

रविराज पाथर्डीहून जीप चालवायचा. सुट्टीला शहरातली माणसं डोंगर, गड बघायला आली की त्यांना फिरवून आणायचा. त्यातल्याच एका पाहुण्यानं त्याला मोबाईलवर फोटो काढायला शिकवलं. रंग काढून टाकायचे, नुसतं काळं-पांढरं ठेवायचं. माणूस असलाच तर कोपऱ्यात बारका, बाकी सगळी जागा मोकळी सोडायची.

तेव्हापासून जिथं जाईल तिथला फोटो तो बायकोला, निकिताला, दाखवायचा. तान्ह्या समर्थला पाजता पाजता ती बघायची. एकदा गावाबाहेरच्या माळाच्या फोटोत तिला अगदी कडेला एक बाई दिसली. नऊवारीतली, डोक्यावर पदर.

"कोण हाय ही?"

"कुठं? मी नुसता माळ काढलाय."

त्याच माळाच्या पुढच्या फोटोत ती बाई जरा अलीकडं आली होती. त्याच्या पुढच्यात आणखी अलीकडं. निकिताच्या अंगाचा तिळपापड झाला. लग्न झाल्यापासून आपल्याला कधी जीपमधून फिरवलं नाही, अन् हिला रोज नेतोय! लुगड्याचा रंग कुठला, तेवढंही कळू देत नाही मेला.

सासू लंकाबाई हसली. "दगड असंल गं! दगडाला सवत म्हनतीस व्हय?"

एका दुपारी निकिता हटून बसली. "मला न्या तिथं."

"तान्हं लेकरू घिऊन भर उन्हाचं माळावर जाऊ न्हाई," लंकाबाईनं अडवलं. पण ऐकतंय कोण? समर्थला कडेवर घेऊन ती अंगातल्या ड्रेसवरच जीपमध्ये बसली.

माळावर कुणी नव्हतं. वारा नव्हता, पाखरू नव्हतं. जवळपास घर नसताना कुठूनसा बाळंतशेपांच्या धुरीचा वास येत होता.

"ती उभी राहती तिथंच माझा काढा," ती म्हणाली. "तिला जागाच ठेवत न्हाई."

समर्थला कडेवर घेऊन तिनं पाय रोवले. रविराज मागं मागं गेला, लांब, एवढासा झाला. निकिताच्या मानेवर कुणाचा तरी श्वास आला... गार.

"हलू नको गं..." तो तिकडून ओरडला.

जीपपाशी येऊन तिनं फोटो बघितला. पांढरं आभाळ, पांढरा माळ, अन् मधे ती बाई. नऊवारीतली. तिच्या कडेवर समर्थ.

"अहो... मी कुठाय?"

"हीच की तू! याड लागलं का? लई ब्येस दिसतीस. अशी कधीच दिसली न्हाईस."

त्याची नजर फोटोवरून हलेना. घरी लंकाबाईनंही मोबाईल डोळ्यांजवळ धरला. "व्हय, आमचीच सून. आता कशी शोभतीस!"

निकितानं खोलीचं दार आतून लावलं अन् समर्थला पाजायला घेतलं. माळावर जाण्याआधीपासून तो उपाशी होता, तरी तोंड लावेना. रडेनाही. मान वळवून समोरच्या रिकाम्या भिंतीकडं बघत होता, दोन्ही हात पुढं करून, हसत.

तिनं त्याचं तोंड आपल्याकडं फिरवलं. त्याच्या ओठांवरून दूध ओघळत होतं. कोमट, ताजं...