वायर सोडवल्यावर

हातखंब्याला महामार्गालगत एका खासगी रुग्णवाहिका सेवेची शेड आहे. पुढच्या उतारांवर मोबाईलची रेंज जाते, म्हणून तिथल्या प्रत्येक गाडीत वायरलेस सेट बसवलेला. त्या सेटांची देखभाल अक्षया करते. खाऱ्या हवेने तारांवर हिरवट थर चढतो, खड्ड्यांनी स्क्रू ढिले होतात. अधूनमधून सगळं उघडून पुसून घ्यावं लागतं.

त्या दुपारी सर्वेश ड्रायव्हरने गाडी आणली.

"अगो अक्षया, बघ जरा. बोलता बोलता मध्येच तुटतो."

तिने अँटेना काढली, बॅटरीची वायर सोडवली आणि सेट मांडीवर घेऊन बसली. जोडावरचा गंज ब्रशने खरवडू लागली. वर पत्रा उन्हाने तडतडत होता. बाकी सामसूम.

आणि सेट खरखरला.

"कंट्रोल... निवळीच्या उतारावर... मोरीपाशी, खाली. बाई श्वास घेतेय. ओव्हर."

अक्षयाचा हात थांबला. तिने वायरचं टोक पाहिलं. ते सुटंच लोंबत होतं.

"बाळा..." सर्वेशच्या तोंडचं पाणी पळालं. "बाळाचा आवाज हा."

बाळा गेल्या वर्षीपर्यंत हीच गाडी चालवायचा. स्टिअरिंगवर मान टाकून गेला होता.

"ठेव तो खाली, अक्षया..."

तिलाही भीती वाटत होती, पण त्याहून मोठं कुतूहल होतं. वीज नाही, अँटेना नाही, मग हा बोलतो कशावर? तिने माईकचं बटण दाबलं.

"कुठल्या बाजूला? ओव्हर."

बराच वेळ नुसती खरखर. मग अगदी जवळून, कानाशी बोलावं तसं, "काजूंच्या बाजूला... लवकर..."

"दादा, खोटं निघालं तर एक फेरी फुकट जाईल," ती सेट घेऊनच उठली. "खरं असलं तर?"

सर्वेशने चावी फिरवली.

मोरीच्या खाली, काजूंच्या सावलीत स्कूटर आडवी पडली होती. रस्त्यावरून काहीच दिसत नव्हतं. शेजारी एक बाई, डोक्यातून रक्त वाहत असलेली. श्वास चालू होता. दोघांनी तिला स्ट्रेचरवर घेतलं.

"ताई, नाव काय तुमचं? सोबत कोण होतं?"

"मनस्विनी... कोणी नाही. एकटीच होते."

तरी अक्षयाने मोरीत डोकावलं, झुडपं हलवून पाहिली. कोणी नव्हतं. मग ती मागे पेशंटजवळ बसली आणि दार लावून घेतलं.

मनस्विनी वाचली. महिन्याभराने पेढे घेऊन शेडवर आली, अक्षयाचे हात धरून रडली. त्या दिवशी गाडीत पुढे काय झालं, ते मात्र अक्षयाने तिला सांगितलं नाही.

रुग्णालयाच्या वाटेवर तो सुटा सेट तिने पुन्हा मांडीवर घेतला होता. गाडी वळणावर कलली, तेव्हा तो पुन्हा बोलला.

"कंट्रोल, दोन्ही पेशंट गाडीत घेतले. दुसऱ्याला पाणी देऊ नका... कितीही मागितलं तरी. ओव्हर."

आणि समोरच्या रिकाम्या बाकावरून कोणीतरी, अगदी हळू, पाणी मागितलं.