तुमच्या चड्डीचं अभिनंदन

भिंतीला हात टेकवून तिने डोकं वर काढलं, तर शेजारच्या लेनमधला माणूस आधीच तिथे पोचलेला. पापण्यांवर पाण्याचे थेंब, आणि वर हसतही होता. हौशी मंडळींच्या या स्पर्धेत बायका-पुरुष एकत्रच पोहायचे, आणि पाच वर्षं पन्नास मीटरला तीच पहिली येत होती. आज बोटभर अंतराने दुसरी. मग तो काठावर चढला आणि तिला ती दिसली... गुडघ्यापर्यंतची, काळी, अंगाला चिकटलेली रेसिंग चड्डी. ऑलिंपिकवाल्यांनी घालावी तशी, पाण्यात वेग वाढवणारी.

"अभिनंदन," ती म्हणाली. "तुमचं नाही. तुमच्या चड्डीचं."

"ती एकटी नव्हती हो आली. आत मीही होतो."

हसू येत होतं, म्हणून ती जास्तच चिडली.

रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करताना दिवसभर तिच्या डोक्यातून ती चड्डी जाईना. शेवटी तिने क्लबच्या समितीला अर्ज लिहिला : हौशी पोहणाऱ्यांना असले सूट बंद करा. द्यायला गेली, तर तलावाच्या दारात तोच. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. समोरच्याच्या डोळ्यांत बघत बोलायची सवय धंद्याची, असं तो म्हणे. अर्ज त्याने उभ्याउभ्याच वाचला.

"न चाखताच तिखट म्हणताय. बहिणीचा सूट आणून देतो. एकदा घालून पोहा, मग अर्ज द्या."

दुसऱ्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीतल्या मावशींनी आणि तिने मिळून वीस मिनिटं तो सूट ओढला. ती पोहली. त्याने घड्याळ दाखवलं. आजवरच्या तिच्या सर्वांत चांगल्या वेळेपेक्षा दोन सेकंद कमी.

"आनंद नाही झाला?"

"पाच वर्षं हात-पाय मोडून घेतले, तेव्हा एक सेकंद कमी झाला. एक. आणि हे कापड एका दिवसात दोन देतं." तिने डोक्यावरची टोपी काढून काठावर आपटली. "आपण कुठे देशासाठी पोहतोय? आपली आपल्याला मजल कळावी म्हणून पोहतो. मग त्यात मीच दिसायला नको?"

तो घड्याळाची दोरी बोटाला गुंडाळत राहिला.

"एक सांगू... रागावणार नसाल तर?"

"रागावलेलीच आहे. सांगा."

"वेळेप्रमाणे गट पाडतात. साध्या चड्डीत मी तुमच्या गटात जन्मात आलो नसतो. दोन वर्षं खालच्या गटातून बघतोय. पाण्यातून डोकं काढलं की तुम्ही आधी घड्याळाकडे बघता. म्हटलं, एकदा तरी... माझ्याकडे बघावं."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. रागानेच की काय, ते तिलाही सांगता येईना.

"म्हणजे बोलायचा धीर नव्हता, म्हणून माझा पहिला नंबर घालवलात?"

"हो."

"दारात उभं राहूनही बोलता आलं असतं."

"आता तेच करतोय."

तिने अर्ज पुढे धरला. "सही करा."

त्याने केली.

समितीने अर्ज फेटाळला. ज्याची त्याची मर्जी, म्हणे. ती महिनोन् महिने धुमसत राहिली, आणि रोज सकाळी त्याला पाण्यात हात कसे मारायचे ते शिकवताना समितीच्या वाट्याची बोलणी त्यालाच ऐकवत राहिली. 'तुम्ही' केव्हा गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

पुढच्या स्पर्धेला दोघंही पोहण्याच्या साध्या कपड्यांत उतरली. तिचा गट आधी आटोपला. मग ओल्या अंगाने ती त्याच्या लेनच्या टोकाशी जाऊन उभी राहिली.

"कितवा?" त्याने धापा टाकत विचारलं.

"पाचवा."

"आणि तू?"

"तिसरी. पुढचे दोघंही त्या सुटातले." तिच्या नाकपुड्या फुलल्या होत्या. "मी पुन्हा अर्ज देणार आहे. खाली आपल्या दोघांच्या सह्या. आणि पत्ता..." ती अडखळली, मग रागातच म्हणाली, "पत्ता एकच लिहायचा म्हणते मी. चालेल का तुला?"